हिरवा अ‍ॅस्परॅगस ओव्हनमध्ये: पहिल्यांदाच भाजणाऱ्यांसाठी

एप्रिलच्या मध्यावर इथे जर्मनीत ऱ्हाइनच्या खोऱ्यात, मानहाइम-हायडेलबर्गच्या आसपास, रस्त्याकडेला लाकडी टपऱ्या उभ्या राहतात. टपरीत एक बाई, एक वजनकाटा आणि क्रेटमध्ये ओळीनं निजवलेले पांढरे, जांभळट, हिरवे दांडे. हॉटेलच्या दारातल्या फळ्यावर तोच शब्द, ऑफिसच्या कॅन्टीनमध्येही तोच: श्पार्गेल. म्हणजे अ‍ॅस्परॅगस. पुढचे दोन महिने लोक त्याच्याबद्दल कोकणातला माणूस आंब्याबद्दल बोलतो तसं बोलतात. यंदा उशिरा आला, भाव चढलाय, अमक्याच्या शेतातलाच खरा.

सांगलीहून इथे आलो त्या पहिल्या वर्षी मी दोनदा फसलो. पहिल्या खेपेला हिरवी जुडी आणली, शेवग्याचा चुलतभाऊ समजून बोटभर तुकडे केले, मोहरी-हिंगाची फोडणी, गोडा मसाला, वर झाकण, झाकणावर पाणी. दहा मिनिटांनी कढईत खाकी रंगाचा लगदा होता आणि चव फक्त गोड्या मसाल्याची होती. दुसऱ्या खेपेला शहाणपण करून ओव्हनमध्ये भाजला, पण आणला होता पांढरा, आणि तो सोलावा लागतो हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी नेमके दोन पाहुणे जेवायला होते. ऊस चघळून चोथा बाजूला काढावा तसे आम्ही सगळे गप्प बसून चोथे काढत होतो.

चूक कुठे होत होती ते पुढे कळलं. भाजी करताना आपला हात ज्या गोष्टी न विचारता करतो, म्हणजे पाण्याचा हबका, झाकण, मंद आच, 'अजून जरा शिजू दे', त्यातली एकूण एक गोष्ट इथे उलटी पडते. हा कोंब कोरडा, उघडा, कडक आचेवर आणि झटपट भाजायचा असतो. ओव्हन तापायला लागतात ती दहा-बारा मिनिटं धरूनसुद्धा अर्ध्या तासात काम होतं.

नावाचाही एक घोळ मिटवून टाकू. मराठीत अ‍ॅस्परॅगसला सर्रास शतावरी म्हणतात. वंश एकच, पण वनस्पती वेगळी. औषधातली शतावरी ही काटेरी वेल आणि वापरतात त्या तिच्या मुळ्या. इथे आपण खातो तो दुसऱ्या जातीचा, जमिनीतून नुकता वर आलेला कोवळा कोंब. तेव्हा घरून कुणी 'शतावरी बाळंतिणीला चांगली' म्हणालं, तर ती ही नव्हे.

१. हिरवाच घ्या

पांढरा आणि हिरवा हे एकाच झाडाचे कोंब. वाफ्यावर मातीचा उंच वरंबा चढवून कोंबाला उजेडच लागू दिला नाही, की तो पांढरा राहतो. टोक मातीतून डोकावलं की आधी जांभळं होतं, मग हिरवं. जर्मन माणसाचा जीव पांढऱ्यावर. शेजारच्या श्वेत्सिंगन गावात तर राजवाड्यासमोरच्या चौकात श्पार्गेल विकणाऱ्या बाईचा ब्राँझचा पुतळा आहे. पांढरा उकडायचा, त्यावर लोणी आणि अंड्यातल्या पिवळ्या बलकाचा हॉलंडेज सॉस घालायचा, बाजूला उकडलेले बटाटे, असा तो बेत असतो.

पण पांढऱ्याची साल जाड आणि चिवट. टोकाखालपासून तळापर्यंत नीट सोलल्याशिवाय तो खाता येत नाही, आणि शिजायलाही जास्त वेळ घेतो. हिरव्याची साल पातळ असते. फार जाड कोंब असेल तर खालचा एक तृतीयांश भाग पीलरनं हलका सोलावा, नाहीतर काहीच सोलायला नको. पाटीवर 'ग्र्यूनर श्पार्गेल' लिहिलेलं असतं, ते बघा. टोकाला जांभळी छटा असलेला पांढरा उचलून 'हा हिरवाच' असं समजू नका. माझे चोथे त्यातूनच निघाले होते.

२. जुडी निवडताना

मंडईत आपण भेंडीचं टोक कटकन मोडून बघतो. ती सवय इथे आवरा. टोक हाच याचा सगळ्यात मऊ आणि चवदार भाग, आणि मोडलेल्या कोंबाची किंमत तिथल्या तिथे पडते. मी एकदा मोडला. टपरीतल्या बाईंनी काही न बोलता तो कोंब माझ्याच पिशवीत टाकला आणि वजनात धरला.

ताजेपणा बघायचा तो असा. दोन कोंब एकमेकांवर घासा, ताजे असतील तर चक्क कुरकुर आवाज येतो. तळाची कापलेली बाजू बघा. ती ओलसर आणि नितळ हवी, वाळून चिरा पडलेली नको. टोक कळीसारखं घट्ट मिटलेलं हवं. खवले सुटून टोक पसरायला लागलं असेल किंवा बोटाला बुळबुळीत लागत असेल, तर ती जुडी परत ठेवा. सुपरमार्केटमध्ये जुडीला रबर लावलेलं असतं, तेव्हा आतले दोन-चार कोंबही बोटानं बाजूला सारून बघा. सडकं टोक बहुतेक वेळा मधोमध लपलेलं असतं.

आता एक गैरसमज, जो खास आपला आहे. जाड भेंडी म्हणजे जून भेंडी, तसं इथे नाही. कोंब जमिनीतून निघतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते, तो दिवसागणिक जाड होत जात नाही. अंगठ्याएवढा कोंबही लोण्यासारखा असू शकतो आणि पेन्सिलीएवढा बारीक कोंब शिळा असेल तर दोऱ्यासारखा लागतो. जाडी कुठलीही घ्या, पण एका जुडीत सगळे सारखे घ्या. नाहीतर बारीक जळतात तेव्हा जाड कच्चे असतात. भाजायला मला स्वतःला करंगळीएवढे आवडतात.

भाव मोसमाच्या सुरुवातीला चढे असतात, मेच्या मध्यावर उतरतात. महाग का, असं वाटलं तर एवढं लक्षात घ्या की एकेक कोंब हातानं काढावा लागतो, आणि ते काम मुख्यतः पोलंड-रोमानियातून मोसमापुरते येणारे मजूर करतात. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनामुळे सीमा बंद होत्या, तेव्हा हे मजूर खास विमानांनी आणावे लागले होते. वाकडेतिकडे दुसऱ्या प्रतीचे कोंब स्वस्त मिळतात आणि भाजायला काही वाईट नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसतो तो बाहेरच्या देशातून, बरेचदा पेरू किंवा मेक्सिकोहून, आलेला असतो. चालतो, फक्त तळाचा भाग जरा जास्त कापावा लागतो.

अर्धा किलोची जुडी तीन-चार माणसांना तोंडीलावणं म्हणून पुरते. माणशी पाच-सहा कोंब धरा. त्याच दिवशी करणार नसाल तर ग्लासात दोन बोटं पाणी घालून फुलांसारखे उभे फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस छान राहतात.

३. काय काय लागेल

- हिरवा अ‍ॅस्परॅगस, अर्धा किलो
- तेल, एक मोठा चमचा
- मीठ, अर्धा लहान चमचा
- मिरी, जाडसर कुटलेली
- अर्धं लिंबू
- ओव्हनचा सपाट ट्रे
- ओव्हनचा कागद, म्हणजे बॅकपापियर
- चिमटा, सुरी आणि दोन कोरडी फडकी
- ओव्हनचे जाड हातमोजे

कागदाबद्दल दोन शब्द. दुकानात एकाच फळीवर दोन सारखे दिसणारे रोल असतात. एक बॅकपापियर, दुसरा बुटरब्रोटपापियर. दुसरा सँडविच गुंडाळायचा आहे, तो ओव्हनसाठी नाही. तो घातलात तर कोंबांना चिकटतो आणि कडेनं करपतो. बॅकपापियरच्या खोक्यावर तो किती अंशांपर्यंत चालतो ते छापलेलं असतं, बहुतेकांवर २२०. म्हणूनच मी खाली दिलेलं तापमान त्याच्या आतलं ठेवलं आहे.

तेल ऑलिव्हचं चालेल, शेंगतेल उत्तम, इथलं पिवळं स्वस्त रेपसीडचं तेलही चालेल. साजूक तूप चालतं, पण पदार्थ गार झाला की थिजतं. लोणी नको. या आचेवर त्यातला दुधाचा अंश करपतो.

४. ओव्हनशी ओळख करून घ्या

इथे मी जरा थांबणार आहे, कारण नव्यानं आलेल्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. आपल्याकडच्या कित्येक घरांत ओव्हन नव्हताच, आणि इथल्या भाड्याच्या घरात तो मिळाला तरी वर्षभर कढया, तवा आणि कुकरची झाकणं ठेवायचं कपाट म्हणून वापरला जातो. म्हणून पहिली सूचना: चालू करण्याआधी दार उघडून आत बघा. मी न बघता चालू केला तेव्हा आत तव्याखाली प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण होतं. ते जाळीवर वितळून खाली ठिबकलं, आणि पुढचे दोन दिवस घरातला वास जाईना.

जास्तीचे ट्रेही बाहेर काढा. तळाला आधीच्या भाडेकरूचं तेल चिकटलेलं असेल तर ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर धूर होतो. खिडकी उघडी असू द्या. इथे घराघरांत धुराचे अलार्म बसवलेले असतात, आणि ते वाजायला लागले की सगळा जिना दाराशी येतो.

आता बटणं. बहुतेक जर्मन ओव्हनला दोन फिरकी असतात. एक तापमानाची, दुसरी कुठून उष्णता हवी त्याची. दुसरीवर नुसती चित्रं असतात, अक्षर एक नाही. चौकटीत वर एक रेघ आणि खाली एक रेघ, म्हणजे वरून-खालून उष्णता. चौकटीत पंख्याचं चित्र, म्हणजे आतला पंखा गरम हवा फिरवतो, याला उमलुफ्ट म्हणतात. वर नागमोडी रेघ, म्हणजे ग्रिल, नुसती वरून कडक धग. दिव्याचं चित्र म्हणजे फक्त दिवा. हे हसण्यावारी नेऊ नका. माझ्या एका मित्रानं वीस मिनिटं दिव्यावर ओव्हन 'तापवला' होता.

आपल्या कामाला वर-खाली रेघांचं चित्र, २१० अंश. पंखा वापरायचा असेल तर १९० पुरे, कारण फिरती हवा जास्त जोरानं भाजते. पंख्यानं कोंब जरा लवकर कोरडे होतात, म्हणून मला तो आवडतो, पण पहिल्यांदा कुठलंही घ्या.

इंटरनेटवरच्या अमेरिकन पाककृतींत ४०० किंवा ४२५ अंश लिहिलेलं दिसेल. ते फॅरनहाइट. ४२५ म्हणजे आपले साधारण २१८ सेल्सियस. इथला ओव्हन बहुधा २५० लाच संपतो. 'जास्तीत जास्त लावू' म्हणून फिरकी टोकाला नेऊ नका. टोकं काळी होतील आणि बुडखे कच्चेच राहतील.

ओव्हन आधी पूर्ण तापू द्या. फिरकीजवळचा लहान दिवा विझला की तापमान आलं. साधारण दहा-बारा मिनिटं लागतात. थंड ओव्हनमध्ये ट्रे ठेवून मग चालू केलात तर कोंब हळूहळू गरम होत बसतात, पाणी सोडतात आणि शेवटी उकडल्यासारखे होतात. तापताना आत नुसता कागद ठेवू नका. पंख्याच्या वाऱ्यानं तो उडून तापलेल्या सळईला लागू शकतो.

५. धुणं, पुसणं, बुडखे काढणं

टोकाच्या खवल्यांत रेती अडकलेली असते. टोकं खाली करून पाण्याच्या भांड्यात चार-पाच वेळा बुडवा, मग नळाखाली धुवा. त्यानंतर पुसा. हे पुसणं हौस म्हणून सांगत नाही. कोंबावर पाणी राहिलं तर ओव्हनची सगळी उष्णता आधी त्या पाण्याची वाफ करण्यात जाते, आणि पाणी आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही. खमंग भाजल्याचा रंग त्याच्या बऱ्याच वर धरतो. म्हणजे ओले कोंब ट्रेमध्ये ठेवणं हे झाकण ठेवून वाफ काढण्यासारखंच झालं. फडक्यावर पसरा, दुसऱ्या फडक्यानं लोळवा, ओव्हन तापेपर्यंत तसेच राहू द्या.

तळाचा भाग जून असतो. बरेच लोक सांगतात की कोंब दोन्ही हातांत धरून वाकवा, जिथे मोडेल तिथून खालचं टाका. खेळ म्हणून छान आहे, पण हात कुठे धरलेत त्यावर तो कुठे मोडतो ते ठरतं, आणि अर्धा चांगला कोंब कचऱ्यात जातो. मी एकाच कोंबाचा तळ सुरीनं थोडा थोडा कापत वर येतो. सुरी करकर न करता अलगद गेली की ती जागा खूण धरायची, बाकीचे कोंब त्याच्या शेजारी लावून एकदम कापायचे. ताज्या जुडीत दोन बोटांपेक्षा जास्त जात नाही.

तुकडे करू नका. अख्खेच ठेवा. चिरले की प्रत्येक कापातून पाणी सुटतं.

६. तेल, मीठ, ट्रे

ट्रेवर कागद घाला, कोंब ठेवा, वर तेलाची धार सोडा आणि हातानंच चोळा. प्रत्येक कोंब चकचकीत दिसला पाहिजे, पण कागदावर तेलाचं तळं नको. मीठ ट्रे आत सरकवायच्या क्षणी घाला. वांग्याच्या कापांना मीठ लावून बाजूला ठेवतो तसं ठेवलंत तर पाणी सुटतं, आणि आत्ता पुसलेलं सगळं वाया जातं.

कोंब एका थरात, एकमेकांत अर्धं बोट अंतर ठेवून मांडा. एकावर एक नकोत. अर्ध्या किलोला एक ट्रे पुरतो. किलोभर करायचे असतील तर दोन ट्रे घ्या किंवा दोन खेपा करा. टोकं सगळी एकाच दिशेला आणि दाराकडे ठेवली तर बरं, कारण अनेक ओव्हन मागच्या बाजूला जास्त तापतात.

लसूण घालायचा मोह आवरा. बारीक चिरलेला लसूण या आचेवर कोंब होण्याआधी जळून कडू होतो. हवाच असेल तर ठेचून शेवटच्या तीन मिनिटांत घाला.

७. भाजणं

ट्रे मधल्या खणात किंवा त्याच्या एक वर. घड्याळ लावा:

- पेन्सिलीएवढे बारीक: ८ ते ९ मिनिटं
- करंगळीएवढे: १० ते १२ मिनिटं
- अंगठ्याएवढे: १४ ते १६ मिनिटं

निम्मा वेळ झाला की एकदाच दार उघडा, ट्रे हलवून कोंब लोळवा, लगेच बंद करा. दर दोन मिनिटांनी 'झालं का' म्हणून उघडलंत तर उष्णता निघून जाते. काचेतून बघा, दिवा त्यासाठीच आहे. दार उघडताना तोंड मागे ठेवा. गरम वाफेचा लोट अंगावर येतो आणि चष्मा असेल तर काही दिसेनासं होतं.

ट्रे सांडशीनं ओढू नका. सांडशी पातेल्याच्या काठासाठी ठीक, रुंद ट्रे तिच्यात तोलत नाही आणि सगळं जमिनीवर येतं. ओलं फडकंही नको. ओल्या कापडातून चटका फार लवकर हाताला पोचतो. कोरडे, जाड हातमोजे दोन्ही हातांत घाला.

झालं हे कसं ओळखायचं? सुरीचं टोक तळाच्या जाड भागात खुपसा, ते आत जावं पण किंचित अडून. चिमट्यानं कोंब मधोमध उचला. दोन्ही टोकं जराशी झुकली तर झालं. अजिबात झुकली नाहीत तर दोन मिनिटं अजून. दोरीसारखी लोंबली तर उशीर झाला. रंग गर्द हिरवा हवा, टोकाला आणि कडांना तपकिरी डाग. झाले की लगेच ताटलीत काढा. गरम ट्रेवर राहिले तर ते तिथेच शिजत राहतात.

मागच्या वर्षी मे महिन्यात आई इथे होती. तिनं पहिला कोंब चावला आणि म्हणाली, "कच्चं राहिलंय रे, अजून ठेव जरा." मी म्हटलं, "आई, हे असंच असतं. गाजर कसं खातेस कोशिंबिरीत?" तिनं मान हलवली, पण दुसरा कोंब घेतला. त्या रात्री पिठलं होतं. पिठल्याबरोबर तिनं नऊ खाल्ले, मी मोजत होतो. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना तिनं स्वतः केले, पाच मिनिटं जास्त ठेवून. संध्याकाळी म्हणाली, "कालचेच बरे होते."

८. लिंबू बाहेर काढल्यावर

लिंबू आधी पिळून ट्रे आत घालणं ही अगदी नेहमीची चूक. आंबट आणि उष्णता एकत्र आली की हिरव्या रंगाचं वाटोळं होतं. अळूच्या भाजीत चिंच पडली की ती कशी खाकी होते, तोच प्रकार. ताटलीत काढा, मिरी भुरभुरवा आणि वाढायच्या क्षणी पिळा.

पहिल्यांदा यापलीकडे काही घालू नका. भाजलेल्या कोंबाला स्वतःची एक गोडसर, मटाराच्या शेंगेसारखी चव असते, ती आधी कळू द्या. पुढच्या वेळी हवं ते करा. मला जाडसर दाण्याचं कूट आणि लिंबू आवडतं. भाजलेले पांढरे तीळही छान. गोडा मसाला मात्र कृपा करून नको.

इथे वरून पार्मेझान चीज किसून घालायची पद्धत आहे. तुम्ही शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, अस्सल पार्मेझान वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजलेलं असतं. पाकिटावर 'मिक्रोबिएलेस लाब', म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट, असं लिहिलेलं दुसरं कडक चीज घ्या.

९. ताटात डावीकडे

इंग्रजीत साइड डिश म्हणतात आणि आपण तिचं भाषांतर 'भाजी' करून मोकळे होतो. तिथेच गडबड होते. भाजी म्हटलं की ती पोळीत धरता आली पाहिजे, वाटीभर झाली पाहिजे, डब्यात गेली पाहिजे. हा त्यातला नाही. याची जागा ताटात डावीकडे, लिंबू-मीठ-चटणी-कोशिंबिरीच्या शेजारी. पाच-सहा कोंब, हातानं उचलून टोकाकडून खायचे. वरण-भाताबरोबर, पिठलं-भाकरीबरोबर, खिचडीबरोबर. मुख्य भाजी वेगळी करा आणि ट्रे शेवटी आत सरकवा, म्हणजे पानं घेईपर्यंत होतो. गार झाल्यावर चव उतरते, म्हणून आधी करून ठेवण्याचा हा पदार्थ नव्हे.

उरलेच तर परत गरम करू नका, लगदा होतो. दुसऱ्या दिवशी गारच चिरून दह्यात घाला, वर मोहरी-हिंगाची फोडणी. कोशिंबीर म्हणून बरी लागते.

१०. राहिलेलं थोडं

पुण्या-मुंबईत 'एक्झॉटिक' भाज्यांच्या गाळ्यावर हिरवा अ‍ॅस्परॅगस मिळतो. तिथे ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा लहान ओव्हन, असेल तर वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून २०० अंश. कॉइल जवळ असते, म्हणून वर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधीच डोकावा. लहान ओटीजीत पाव किलोच मावेल, जास्त कोंबू नका. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये हे होत नाही, तिथे कोंब वाफवले जातात.

खाल्ल्यावर तासा-दोन तासांत लघवीला उग्र वास आला तर घाबरून डॉक्टरची वेळ घेऊ नका. अ‍ॅस्परॅगसमधल्या गंधकयुक्त आम्लाचा तो परिणाम, आपोआप जातो. काहींना तो वास जाणवतच नाही, आणि तेही जन्मतःच असतं.

मोसम २४ जूनला संपतो. त्या दिवशी सेंट जॉनचा सण, आणि परंपरेनं काढणी तिथे थांबते. म्हणच आहे: 'किर्शन रोट, श्पार्गेल टोट', चेरी लाल झाली की श्पार्गेल मेला. थांबतात ते झाडासाठी. पुढचे कोंब वाढू दिले की त्यांचा बारीक पानांचा झुबका होतो, आणि तो उन्हात मुळांसाठी पुढच्या वर्षीची शिदोरी साठवतो.

कापलेले बुडखे कचऱ्यात टाकू नका. पाण्यात चिमूटभर मीठ घालून वीस मिनिटं उकळा आणि गाळा. चोथा टाका, पाणी ठेवा. त्या दिवशीच्या आमटीला साध्या पाण्याऐवजी तेच घाला.